आधी राजीनामा, मग होकार: बॉस आणि कर्मचाऱ्याच्या प्रेमाचा विनोदी चित्रपट कसा लिहायचा

न्यूयॉर्कचा भर रस्ता, ऑफिसची वेळ. एका प्रकाशन संस्थेची मुख्य संपादक मार्गारेट उंच टाचा आणि घट्ट स्कर्ट सांभाळत फुटपाथवर गुडघे टेकते आणि आपल्याच सहायकाला लग्नाची मागणी घालते. व्हिसाच्या भानगडीमुळे तिला कॅनडाला परत पाठवायचं ठरलंय, म्हणून थोड्या वेळापूर्वी केबिनमध्ये तिने 'आपलं लग्न ठरलंय' असं परस्पर जाहीर करून टाकलंय. तीन वर्षं तिची कॉफी आणणारा अँड्र्यू आता म्हणतो, असं नाही, मला नीट विचार. बाई आजूबाजूला बघते, नाक मुरडते आणि खाली बसते. 2009 सालच्या 'द प्रपोजल'मधला हा प्रसंग. बॉस-कर्मचारी प्रेमकथा लिहायची म्हणून कुणी माझ्याकडे आलं, की मी आधी हा प्रसंग बघायला लावतो.

कारण या प्रकारच्या गोष्टीत अडचण खलनायकाची नसते, घरच्यांच्या विरोधाची नसते, जातीपातीचीही नसते. अडचण पगाराची असते. दोघांपैकी एकजण दुसऱ्याला महिन्याच्या शेवटी पैसे देतो. पैसे घेणाऱ्याला मनापासून 'नाही' म्हणता येत नसेल, तर त्याच्या 'हो'ला किंमत नाही, आणि प्रेक्षकाला ते न सांगता कळतं. म्हणून पटकथाकाराचं मुख्य काम एकच: कर्मचाऱ्याला 'नाही' म्हणता येईल अशी जागा तयार करणं. विनोद त्या खटपटीतूनच निघतो.

खाली मी पायऱ्या सांगतोय. उदाहरणासाठी एक गोष्ट सोबत रचत जाऊ.

पायरी पहिली: ऑफिस आधी, प्रेम नंतर

माझ्या पहिल्या पटकथेत नायक एका 'मोठ्या कंपनीचा' मालक होता. वाचनाच्या दिवशी एका ज्येष्ठ नटाने चष्मा काढून विचारलं, "ही कंपनी बनवते काय?" मला सांगता येईना. सव्वाशे पानं लिहून झाली होती आणि नायक नेमकं काय विकतो हे मला ठाऊक नव्हतं. पटकथा त्याच दिवशी मेली, उत्तरक्रिया नंतर सहा महिने चालली.

1960 सालचा 'द अपार्टमेंट' काढून बघा. सुरुवातीलाच नायक बॅक्स्टर सांगतो: विमा कंपनीत एकूण 31,259 माणसं, आपण एकोणिसाव्या मजल्यावर, टेबल क्रमांक 861, हातात पडणारा पगार आठवड्याला 94.70 डॉलर. प्रेमाचा अजून पत्ता नाही, पण हा माणूस किती लहान आणि ती इमारत किती मोठी हे आपल्याला कळलेलं असतं. ते टेबलांचं न संपणारं दालन दाखवायला मागच्या रांगांमधली टेबलं मुद्दाम लहान केली होती. त्या वर्षी चित्रपटाला 5 ऑस्कर मिळाले.

तेव्हा आधी कामाची जागा निवडा, आणि तुम्हाला आतून माहीत असलेलीच निवडा. पतसंस्था, कापडाचं दुकान, दातांचा दवाखाना, क्लास, काहीही. काचेची इमारत आणि लॅपटॉप हे ऑफिस नव्हे, ते जाहिरातीतलं चित्र आहे. निवडल्यावर एक पान लिहा: पगार कोणत्या तारखेला होतो आणि कोणत्या तारखेला व्हायला हवा होता? रजेच्या अर्जावर सही कुणाची? चहा कोण आणतो आणि पैसे कोण देतं? एसीचा रिमोट कुणाच्या खणात? उशीर झाला तर कोण बघतं? या पानातली निम्मी माहिती पुढे विनोद म्हणून परत येईल.

आपल्या गोष्टीसाठी मी दिवाळी अंकाचं ऑफिस घेतो. 1909 साली का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने ही प्रथा सुरू केली, आणि तेव्हापासून मराठी माणूस दर वर्षी तीच धावपळ नव्याने करतो. उन्हाळ्यात लेखकांना पत्रं जातात. पावसाळ्यात लेखक फोन उचलत नाहीत. गणपतीनंतर जाहिरातदारांच्या मागे लागायचं. मग कथा पानात बसत नाही, फर्मा, म्हणजे एकदम छापला जाणारा पानांचा गठ्ठा, सोळा पानांचा आणि मजकूर साडेसतरा. गोष्टीला लागणारं घड्याळ इथे फुकट मिळतं, कारण दिवाळी कुणासाठी थांबत नाही.

मालक-संपादक वैदेही. वडिलांनी चालवलेला अंक तिच्या गळ्यात पडलाय. मुद्रितशोधक, म्हणजे प्रुफं तपासणारा, सुहास देशमुख, सहा वर्षं तिथेच. शिपाई शिंदेकाका, आणि खिळे जुळवण्याच्या काळापासून असलेले एक म्हातारे गृहस्थ, जे वैदेहीला अजून 'बेबी' म्हणतात.

पायरी दुसरी: कुणाच्या हातात काय

आता दोघांच्या सत्तेचा हिशेब मांडा. बॉसच्या बाजूला पगार, रजा, बढती, अनुभवाचं प्रमाणपत्र. कर्मचाऱ्याच्या बाजूला काय? नवशिक्या लेखकाला वाटतं, काहीच नाही. खरं म्हणजे भरपूर असतं. कोणत्या जाहिरातदाराने तीन वर्षं पैसे दिले नाहीत हे त्याला पाठ असतं. मॅडमना 'आशीर्वाद' अजून नीट लिहिता येत नाही हे त्यालाच माहीत असतं, आणि तो ते कुणाला सांगत नाही. प्रेमाची पहिली खूण म्हणून मी हीच वापरीन: सहा वर्षं तिच्या संपादकीयातल्या चुका तो गुपचूप दुरुस्त करतोय आणि तिला वाटतंय, आपलं शुद्धलेखन चांगलं आहे.

'द प्रपोजल'मध्ये अधिकाऱ्यापुढे खऱ्या जोडप्याची परीक्षा द्यायची असते. प्रश्नांची यादी बघून अँड्र्यूच्या लक्षात येतं, की मार्गारेटबद्दलची सगळी उत्तरं त्याला येतात. येणारच, तेच त्याचं काम. तिला मात्र त्याच्याबद्दल काही माहीत नाही. बॉस आणि कर्मचारी यांच्यातली खरी दरी इथे दिसते: खालच्याला वरच्याचं सगळं माहीत असतं, वरच्याला खालच्याचं आडनाव. तुमच्या गोष्टीत बॉसच्या प्रेमाची सुरुवात कुतूहलाने करा. तिने पहिल्यांदा विचारावं, "तुम्ही राहता कुठे?" सहा वर्षांनी विचारलेला हा प्रश्न कुठल्याही गुलाबापेक्षा जास्त काम करतो.

मग बॉसला तिच्या गादीवरून उचलून अशा ठिकाणी न्या जिथे तिची सही चालत नाही. मार्गारेट अलास्कातल्या सिटका गावी पोचते आणि बघते तर दुकानांच्या पाट्यांवर सहायकाचं आडनाव. अर्धं गाव त्याच्या घरच्यांचं. अलास्काचा हा भाग प्रत्यक्षात मॅसॅच्युसेट्समधल्या किनाऱ्यावर उभा केला होता, हे निर्मात्याशी बोलताना उपयोगी पडेल. कोकण लिहिलंत म्हणून कोकणातच चित्रीकरण होईल असं नाही. पण तुम्ही लिहिताना कोकणच लिहा.

आपल्या गोष्टीत मी दोघांना रत्नागिरीकडच्या एका गावात पाठवतो. वीस वर्षं न लिहिलेला एक ज्येष्ठ लेखक, गावात सगळे त्याला अण्णा म्हणतात, कथा द्यायला कबूल झालाय. टपालाने पाठवणार नाही. येऊन घेऊन जा.

पायरी तिसरी: निमित्त

दोघांना एकत्र बांधून ठेवणारं काहीतरी लागतं, आणि ते सोडवून पळावं असं दोघांनाही वाटलं पाहिजे. अमेरिकन चित्रपटाला व्हिसा सापडतो. खोट्या लग्नाला तिथे 5 वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे, त्यामुळे खोटं निभावणं भाग पडतं. हे निमित्त तसंच्या तसं उचलून पुण्यात आणू नका. आपल्याकडे आपली निमित्तं आहेत. 1988 च्या 'अशी ही बनवाबनवी'त भाड्याची खोली फक्त जोडप्यांनाच मिळते, एवढ्या एका अटीवर सगळा डोलारा उभा राहतो. शिवाय आपण विसरतो, पण तीसुद्धा बॉस-कर्मचारी प्रेमकथा आहेच: धनंजय माने ज्या दुकानात नोकरी करतो, त्याची मालकीण माधुरी. मालकिणीवर जीव आणि घरी साडी नेसून बायको झालेला मित्र. धनंजयची अडचण दुसऱ्या कुणी केलेली नाही, त्याने स्वतःच करून ठेवलेली आहे, आणि विनोदाला तीच सगळ्यात मानवते.

आणखी एक निमित्त मी बरीच वर्षं राखून ठेवलंय, कुणाला हवं तर घ्या: जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांमधलं 'पती-पत्नी एकत्रीकरण'. ज्याने बदलीची यादी लागण्याची वाट बघितली आहे, त्याला या दोन शब्दांत किती नाट्य आहे हे समजावून सांगावं लागत नाही.

आपल्या गोष्टीत निमित्त साधं. अण्णा दार उघडतात, दोघांकडे बघतात आणि आत हाक मारतात, "अगं, पुण्याचं जोडपं आलंय." वैदेही तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णांची बायको सांगते, "बरं झालं. मागे एक संपादक आला होता मैत्रिणीला घेऊन, ह्यांनी ओटीवरूनच परत पाठवला." कथा हवी असेल तर दोन दिवस जोडपं व्हायचं. सुहासने आपणहून खोटं बोललेलं नाही, वैदेहीने हुकूम सोडलेला नाही. दोघेही सारखेच अडकलेत. निमित्त निवडताना हे बघत जा: खोटं जर बॉसने कर्मचाऱ्यावर लादलं, तर लवकरच त्याला भरपाई द्यावी लागते. मार्गारेटला फुटपाथवर गुडघे टेकावे लागले ते त्यासाठीच.

पायरी चौथी: संबोधन

इथे जरा थांबा, कारण ही जागा आपली आहे. इंग्रजी पटकथाकाराकडे सगळ्यांसाठी एकच सर्वनाम. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण, शिवाय अहो आणि अगं, आणि प्रत्येकाबरोबर बदलणारं क्रियापद. मराठीत बॉस आणि कर्मचाऱ्याचं प्रेम व्याकरणातून दाखवता येतं, आणि तरीही आपले बहुतेक लेखक पावसात भिजण्याचा प्रसंग लिहितात. (पाऊस खर्चिकही असतो. टँकर मागवावा लागतो.)

सुरुवातीचा नकाशा काढा. कोण कुणाला काय म्हणतं? वैदेही सुहासला आडनावाने हाक मारते, 'तुम्ही' म्हणते, तो 'मॅडम'. म्हातारे गृहस्थ तिला 'बेबी, तू'. शिंदेकाका सुहासला 'तू' आणि मॅडमना 'ताई'. एकाच खोलीत चार नाती, ओळख करून देणारा एक शब्द न खर्चता.

मग हा नकाशा हळूहळू बिघडवायचा. 'तुम्ही'वरून 'तू'वर थेट उडी मारू नका. मधे एक लांब पट्टा आहे ज्यात माणसं सर्वनामच टाळतात. "जेवण झालं?" "निघायचं ना?" "छत्री आणली आहे का?" कर्ता गायब. ज्यांनी कधी कॉलेजात किंवा ऑफिसात असं प्रेम केलंय, त्यांना हे महिने आठवतील. यात आठ-दहा पानं सहज जातात, आणि जाऊ द्यावीत.

घसरतं ते क्रियापद. सर्वनामावर माणसाचा पहारा असतो, प्रत्ययावर नसतो. "मॅडम, तुम्ही जेवलीस का?" असं सुहासच्या तोंडून निघतं आणि प्रूफ वाचणाऱ्या माणसाच्या कानाला ती चूक त्याच क्षणी ऐकू येते. तो लाल होतो. वैदेही वर न बघता म्हणते, "कर्ता-क्रियापद जुळत नाहीये, देशमुख." तिने रागावायला हवं होतं, ती रागावलेली नाही, एवढं प्रेक्षकाला पुरे.

'आपण' तर सोन्याची खाण आहे. आदरार्थी 'तुम्ही' म्हणूनही आपण, आणि 'तुम्ही-मी मिळून' म्हणूनही आपण.

"आपण उद्या लवकर निघायचं."
"आपण म्हणजे मी, का आपण?"
"आपण."
"मॅडम, त्याने काही स्पष्ट झालं नाही."

आणि 'आम्ही'? तिच्या वडिलांच्या काळापासून त्या ऑफिसात संपादकीय 'आम्ही' चालत आलंय. आम्ही मुखपृष्ठ ठरवलं, आम्ही मानधन वाढवलं नाही. ज्या दिवशी वैदेही मीटिंगमध्ये 'आम्ही'च्या जागी 'आपण' म्हणते, त्या दिवशी शिंदेकाकांनी चहाचा ट्रे हातात धरून एक क्षण थांबावं. संवाद नको.

आता कोकणातल्या घरात या. अण्णांच्या पिढीत बायको नवऱ्याला 'अहो' म्हणते आणि नवरा बायकोला 'अगं, तू'. म्हणजे मालकिणीने आपल्या मुद्रितशोधकाला अहो म्हणायचं आणि त्याने तिला तू! सहा वर्षांची उतरंड एका शब्दाने उलटी होते. फुटपाथवर गुडघे टेकण्याचं काम आपल्याकडे 'अहो' करतो. पहिल्या वेळी वैदेहीच्या तोंडून तो बाहेर पडत नाही, खोकल्यासारखा काहीतरी आवाज होतो. सुहासला 'तू' त्याहून अवघड जातं. "पाणी दे" असं म्हणायचंय, आणि तो स्वतः उठून पाणी घेतो, आणि तिलाही देतो. अण्णांची बायको कौतुकाने बघत राहते.

जेवणाची पानं वाढली की अण्णांच्या बायकोने म्हणायलाच हवं, "नाव घे गं." कवितांची पाकिटं न उघडता परत पाठवणाऱ्या संपादिकेवर उखाणा रचायची पाळी.

"सत्तर प्रुफं तपासली, चुका निघाल्या दहा,
सुहासरावांचं नाव घेते, आता तरी द्या चहा."

सगळे हसतात. सुहास पुटपुटतो, "अकरा होत्या." एवढ्यावर प्रसंग तोडा. पुढे एकही वाक्य लिहिलंत तर मी ते खोडीन.

पायरी पाचवी: 'नाही'ची परीक्षा

आता ज्या पायरीवर बहुतेक पटकथा घसरतात ती. मध्यंतराच्या आसपास एक प्रसंग कागदावर लिहून बघा, तो चित्रपटात ठेवा किंवा ठेवू नका: बॉस मनातलं बोलते, कर्मचारी 'नाही' म्हणतो. आणि मग सोमवार लिहा. सोमवारी तो ऑफिसात येतो तेव्हा काय होतं? त्याचं टेबल तिथेच आहे? त्याची रजा मंजूर होते? जर तुमच्या सोमवारी त्याचं काही बिघडत असेल, तर तुम्ही विनोदी प्रेमकथा लिहीत नाही आहात. जिची भीती वाटायला हवी अशी दुसरीच गोष्ट लिहिताय, ती लिहिण्यासारखी आहे, पण मग तिला गाणी घालू नका.

'द अपार्टमेंट' हे नेमकं जाणतो. त्यात बॉस आणि कर्मचारी यांचं एक प्रकरण आहेच: विवाहित बडा अधिकारी शेल्ड्रेक आणि लिफ्ट चालवणारी फ्रॅन. नाताळची भेट म्हणून तो तिच्या हातात शंभर डॉलरची नोट ठेवतो. तिथे प्रेम नव्हतं, व्यवहार होता, हे त्या नोटेने कळतं. चित्रपटाची खरी प्रेमकथा फ्रॅन आणि बॅक्स्टर या दोन नोकरांची. आणि बॅक्स्टर तिच्या लायक कधी होतो? शेल्ड्रेक त्याच्या घराची किल्ली मागतो तेव्हा तो हातावर ठेवतो बड्या साहेबांच्या स्वच्छतागृहाची किल्ली, आणि नोकरी सोडतो. 2002 चा 'टू वीक्स नोटिस' तर नावापासून राजीनाम्याची मुदत घेऊन बसलाय: वकील बाई धनाढ्य मालकाची नोकरी सोडते, आणि ती निघाल्यावरच त्याला कळतं की काय निघालं. या प्रकारात राजीनामा हीच लग्नाची मागणी.

कायदाही वाचून घ्या, कारण आजचा प्रेक्षक त्यातूनच बघतो. सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली विशाखा निकालात मार्गदर्शक सूचना दिल्या, आणि 2013 साली कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. जिथे 10 किंवा जास्त माणसं काम करतात तिथे मालकाला अंतर्गत समिती नेमावी लागते. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, किमान निम्म्या सदस्य महिला, एक सदस्य संस्थेबाहेरची व्यक्ती. तक्रार साधारणपणे 3 महिन्यांत करायची, चौकशी 90 दिवसांत संपवायची. त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, म्हणजे आपल्या सहा माणसांच्या दिवाळी अंकालाही कायद्यातून सुटका नाही. नोकरीत फायद्याचं आमिष किंवा तोट्याची धमकी, उघड असो वा आडून, दोन्ही या कायद्यात येतात.

पटकथेसाठी याचा अर्थ असा, की 1980 च्या दशकातली 'साहेब टायपिस्टच्या मागे धावतात' ही गंमत आता गंमत राहिलेली नाही. पुरुष बॉस आणि महिला कर्मचारी अशी जोडी घेतलीत, तर पहिलं पाऊल तिचं असू द्या, आणि तेही तिच्या हातात दुसऱ्या नोकरीचं पत्र आल्यावर. उलट जोडी घेतलीत, म्हणजे आपल्यासारखी, तर 'बाई बॉस आहे म्हणजे चालतंय' असं समजू नका. तो कायदा तक्रारदार म्हणून महिलेलाच ओळखतो, पण पगाराची भीती सगळ्यांना सारखीच असते. आणि कृपा करून समितीची टिंगल करू नका. टिंगल करायचीच तर प्रेमात पडलेल्या दोघांची करा: ऑफिसला सांगायला हवं म्हणून वैदेही औपचारिक पत्र लिहिते आणि ते मुद्रितशोधनासाठी सवयीने सुहासच्या टेबलावर जातं.

पायरी सहावी: बाकीची मंडळी

यावर फार लिहायला नको. ऑफिसला दोघांच्या आधी कळतं, एवढा एकच नियम. 'द प्रपोजल'च्या सुरुवातीला मार्गारेट येतेय असा निरोप टेबलाटेबलावरच्या पडद्यांवर धावतो आणि सगळे कामात असल्याचं सोंग घेतात. आपल्याकडे ते काम व्हॉट्सॲपचा मॅडम नसलेला ग्रुप करतो. चार दुय्यम पात्रं पुरेत, आणि प्रत्येकाला दोघांच्या लग्नात स्वतःचा काहीतरी स्वार्थ असावा. शिंदेकाकांना पगारवाढ हवी आहे. म्हाताऱ्या गृहस्थांना अंक बंद पडायला नको आहे. 'भला मित्र' नावाचं पात्र कचऱ्यात टाका.

पायरी सातवी: पानांचा हिशेब

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. 120 पानांच्या पुढे जाऊ नका, विनोदी चित्रपट 110 मध्ये बसला तर उत्तम. दोघांना ऑफिसबाहेर 25 व्या पानापर्यंत काढा. मी 40 व्या पानापर्यंत ऑफिसातच रेंगाळलेल्या पटकथा वाचल्या आहेत, त्या चांगल्या एकांकिका होत्या. मध्यंतर आपल्याकडे असतंच, तेव्हा ते वापरा: मध्यंतराला प्रेक्षकाच्या मनात 'हे खोटं उघडं पडणार' असं नसावं, 'हे खोटं राहिलेलं नाही' असं असावं.

कुटुंबाने एकत्र बघायचा चित्रपट असेल तर प्रमाणपत्राचा विचार लिहितानाच करा. 2024 च्या नियमांपासून यूए वर्गात, म्हणजे मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायच्या चित्रपटांत, 7, 13 आणि 16 वर्षं असे तीन टप्पे आहेत. वितरकाला काय हवंय हे आधी विचारून घ्या, मग शिव्या मोजा.

पायरी आठवी: शेवट

चारचौघांत गुडघे टेकून मागणी हा शेवट फार वापरून झालाय, पण माझी हरकत वेगळी आहे. बॉसने सगळ्या स्टाफसमोर कर्मचाऱ्याला मागणी घातली तर तो जबरदस्तीचाच थोडा सभ्य प्रकार. पन्नास लोक बघत असताना नाही कसं म्हणणार? 'द प्रपोजल'चा शेवटही ऑफिसातच, सगळ्यांसमोर आहे, पण तिथे हिशेब नीट केलाय. मार्गारेटने खरं कबूल केलंय, ती नोकरी आणि देश सोडून निघाली आहे, खोक्यात सामान भरतेय. मागणी घालतो तो अँड्र्यू. वरून खाली दबाव टाकायला वर कुणी उरलेलंच नाही.

आपल्या गोष्टीचा शेवट मी असा बांधलाय. अण्णांनी दिलेली कथा सुहास तपासायला घेतो आणि तिसऱ्या पानावर त्याला कळतं, की ती त्या दोघांचीच आहे. म्हाताऱ्याने पहिल्या 'अहो'लाच ओळखलं होतं. कथा शेवटी अर्धवट सुटते: तो माणूस तिला काहीतरी सांगायला तोंड उघडतो, आणि पुढे कोरी जागा. वैदेही संपादक म्हणून निर्णय देते, शेवटचा परिच्छेद काढा. सुहास सहा वर्षांत पहिल्यांदा तिचं ऐकत नाही. तो राजीनामा लिहितो, शुद्ध मराठीत, एक महिन्याच्या नोटिशीसकट. ती वाचते, आणि कधी नव्हे ते त्याच्या मजकुरात एक चूक काढते: 'आपला विश्वासू' मधल्या 'आपला'भोवती गोल करून समासात प्रश्नचिन्ह.

महिना संपतो. शेवटचा पगार, अनुभवाचं प्रमाणपत्र, शिंदेकाकांचा पेढा. अंक छापून येतो. दिवाळीच्या पहिल्या दिवशी सुहास आपल्या घरी अंक उघडतो. कथेचा शेवटचा परिच्छेद तसाच आहे, कोऱ्या जागेसकट. फक्त त्या जागेत छापील नाही, पेनाने, एक काकपद आहे. काहीतरी राहिलंय, इथे भरा. एकाच प्रतीत. ती प्रत त्याला कुणी पोचवली आणि त्याने काय भरलं, हे मी अजून ठरवलेलं नाही. निर्माते म्हणतात गाणं ठेवा.

पायरी नववी: दाखवण्याआधी

पटकथा पूर्ण झाली की मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घेऊन तिची ऑनलाइन नोंदणी करा, मगच कुणाला वाचायला द्या. 'आधी ऐकवा, कागदाचं नंतर बघू' म्हणणारे भेटतील. त्यांनाही ऐकवा, पण नोंदणीनंतर.

मग दोन नट बोलवा आणि मोठ्याने वाचन करा. पहिल्यांदा जसं लिहिलंय तसं. दुसऱ्यांदा भूमिका बदलून: बॉसचे संवाद कर्मचाऱ्याच्या नटाला द्या आणि उलट. जे संवाद खुर्ची बदलल्यावर अचानक उद्धट किंवा लाचार वाटू लागतील त्यांच्यावर खूण करा. ते माणसाचे संवाद नाहीत, पदाचे आहेत, आणि मध्यंतरानंतर त्यातला एकही शिल्लक राहता कामा नये. पहिल्या खर्ड्यात असे साठ-सत्तर निघतात. दोन दिवस बाजूला ठेवा, मग लाल पेन घ्या.